जायफळाचे दहा वेढे

मित्रांनो, तुमच्या घरात फळीच्या मागे किंवा देवघराच्या खालच्या कप्प्यात एखादा गोल, गुळगुळीत दगड पडलेला आहे का, बघा बरं. तळहाताहून जरासा मोठा, मधोमध किंचित खोलगट, आणि एका बाजूला पाणी ओघळायला छोटीशी पन्हळ. असला, तर ती माझी बहीण समजा. मी एक जुनी सहाण आहे. चंदन उगाळायची नव्हे. तो मान देवघरातल्या सहाणेचा. मी बाळांची सहाण.

माझा जन्म एका पाथरवटाच्या छिन्नीखाली झाला आणि रामटेकच्या जत्रेत मी विकायला बसले. माझ्या घरच्या लतिकाबाईंच्या सासूबाई तिथे देवदर्शनाला आल्या होत्या. त्यांनी तीन सहाणा हातात घेतल्या, प्रत्येकीवर ओलं बोट फिरवलं, आणि जिचं अंग फार खरखरीत नाही आणि फार गुळगुळीतही नाही अशी मी निवडली. घरी आणल्यावर त्यांनी मला भिजत ठेवलं, माझ्यावर तांदूळ उगाळून टाकून दिले. माझ्या अंगातला शेवटचा कण निघेपर्यंत त्यांनी मला बाळाच्या जवळ नेलं नाही. काळजी कशाला म्हणतात ते मी तिथे शिकले.

तुमच्यातल्या लहानांना गुटी ठाऊक नसेल. हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक अशा दहा-बारा वस्तू एका डबीत ठेवायच्या. बाळाला न्हाऊ घातलं की एकेक वस्तू आईच्या दुधात माझ्यावर गोल फिरवायची. एकदा गोल फिरवली की तो एक वेढा. कुणाचा एक वेढा, कुणाचे दोन. बाळ जसं वाढेल तसा वेढाही वाढायचा. आणि जायफळाचा मात्र अर्धाच. 'जायफळ गोड बोलतं आणि झोपवून टाकतं,' असं सासूबाई म्हणायच्या. हे सगळं एका चमचाभर दुधात उतरायचं आणि बाळाच्या ओठांवर लागायचं. बाळ तोंड वाकडं करायचं आणि घर हसायचं.

या घरातली पाच बाळं माझ्यावरून मोठी झाली. पाचवा अश्विन, लतिकाबाईंचा एकुलता एक मुलगा. तो वर्षाचा झाला, वरणभात खाऊ लागला, आणि मला जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. सोबतीला एक फुटकी समई होती.

मित्रांनो, डब्यातल्या काळोखाची मी तक्रार करणार नाही. बाळ मोठं झालं म्हणूनच सहाण डब्यात जाते. तेव्हा ते सुखाचंच लक्षण. पण डब्यातूनही घर ऐकू येतं. अश्विन चार वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. एकोणीस दिवस ताप उतरेना. तेव्हा लतिकाबाई देवघरात म्हणाल्या, "महादेवा, माझं लेकरू उठून बसू दे. श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी आणि महाशिवरात्रीला मी दिवसभर तोंडातून शब्द काढणार नाही." अश्विन उठून बसला. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. त्या दिवशी त्या लिहीतही नसत आणि खुणाही करत नसत. "हाताने बोललं तरी ते बोलणंच," असं त्यांचं म्हणणं.

मग एका मे महिन्यात माझ्या डब्याचं झाकण उघडलं.

नागपुरातल्या नंदनवन वस्तीतलं तेच घर, पण ओटा नवा, फरश्या नव्या. लतिकाबाईंच्या केसांत पांढरं आलेलं. अश्विनची बायको मयुरा बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी असतं; पण मयुराची आई दोन वर्षांपूर्वीच गेली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत तिचे वडील आणि भाऊ एवढेच. म्हणून लतिकाबाईंनी ठरवलं होतं, की हिची आईही मीच आणि सासूही मीच. त्यांनी मला उकळत्या पाण्याने धुतलं आणि उन्हात ठेवलं. नागपूरचं मे महिन्याचं ऊन! तीस वर्षांचा ओलावा एका दुपारी माझ्या अंगातून निघून गेला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, आणि चुलत आत्याने पाळण्यात वाकून नाव सांगितलं : हिमानी. बाळाला मालिश करायला येणाऱ्या पार्बताबाई पदराने वारा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अवं काकू, बाहेर आग लागून राहिली अन् पोरीचं नाव हिमानी? तुमी काय कुल्फीचं दुकान काढता का?"

"म्हणूनच ठेवलं ना पार्बताबाई," अश्विन म्हणाला. "निदान हाक मारताना तरी गार वाटेल."

पार्बताबाई रोज आठला येत. पाय पसरून बाळाला पायांवर घेत आणि तेल जिरवता जिरवता साऱ्या वस्तीची बातमी सांगत. "नाक बापावर गेलं हिचं, चपटं. मी उभं करतो, मले महिनाभर द्या." नाक काही उभं झालं नाही, पण दीड महिन्याची होता होता हिमानी पार्बताबाईंकडे बघून हसली. ते तिचं पहिलं खरं हसू. "पाह्यलं? आईकडे नाई, आजीकडे नाई, माह्याकडे!" पार्बताबाईंनी ते शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं. तिसऱ्या महिन्यात तिने मान धरली. आता ती आजीच्या खांद्यावरून माझ्याकडे टकमक बघायची.

न्हाणं झालं की गुटी लतिकाबाईच द्यायच्या. मयुरा कधी "मी करते ना, आई," म्हणत पुढे आली, की त्या मायेने म्हणत, "तू पड गं. ओल्या अंगाची बाळंतीण तू. मी आहे ना." दूध पाजण्याखेरीज बाळाचं सगळंच त्या करायच्या. कपडे, काजळ, धुरी, झोका. मयुरा मग दारात उभी राहून नुसती बघायची. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि सध्या रजेवर. तिथे रंगाच्या थेंबाथेंबाचं माप तिच्या हातात असायचं. इथे तिच्या हाताला काम नव्हतं. हे मला दिसायचं. पण दगडाला दिसून काय उपयोग?

श्रावणातला सोमवार आला. शनिवारी हिमानीला लस टोचली होती आणि रविवारभर ती किरकिरत होती. पार्बताबाई न्हाऊ घालून गेल्या. मयुरा अंघोळीला गेली. लतिकाबाईंचं मौन सुरू होतं. त्यांनी गुटी उगाळली. बाळाला जरा शांत झोप लागावी म्हणून जायफळाच्या अर्ध्या वेढ्याचे त्या दिवशी दोन वेढे केले. गुटी दिली. मला नेहमीसारखं स्वच्छ धुऊन खिडकीशी उभं केलं, बाळाला पाळण्यात टाकलं आणि त्या पूजेला बसल्या. तेव्हा साडेआठ वाजले होते.

तासाभराने मयुरा स्वयंपाकघरात आली. देवघरात लतिकाबाई ओट्याकडे पाठ करून महादेवाला बेल वाहत होत्या. पाळण्यात बाळ चुळबुळत होतं. खिडकीशी मी ओली होते. तिला वाटलं, आईंनी धुऊन तयारी करून ठेवली आणि मग पूजेला बसल्या. आज उपास, मौन, कुठे एवढं करतील? आज मी करते. ती मनातल्या मनात जरा आनंदलीच असावी. तिने डबी उघडली. एकेक मुळी माझ्यावर फिरवू लागली. प्रयोगशाळेचा हात, जोरकस आणि एकसारखा. शेवटी जायफळ. एक, दोन, तीन, चार... अगं थांब, थांब! मी दगड आहे मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. तिने आठ वेढे घातले. चमचा भरून बाळाच्या ओठांना लावला आणि पहिल्यांदाच आपल्या हाताने गुटी दिली म्हणून बाळाच्या कपाळाचा मुका घेतला.

घरात दोन माणसं होती. एकीने दिलं होतं आणि ती बोलत नव्हती. दुसरीने दिलं आणि विचारलं नव्हतं.

बाळ झोपलं. दहा वाजले, अकरा वाजले. मयुराने कपडे वाळत घातले. बारा वाजले. तिला कौतुक वाटलं, किती छान झोपलीये. साडेबाराला तिचं दूध भरून आलं, तेव्हा तिने हिमानीला उचललं. मान लोंबली.

"हिमू? ए हिमू, ऊठ ना गं." तळपायाला गुदगुल्या केल्या. ओला रुमाल गालावर फिरवला. डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. लतिकाबाई हातात माळ घेऊन धावत आल्या. मयुराने अश्विनला फोन लावला, "तू थेट दवाखान्यात ये," एवढंच बोलली, आणि पिशवीत दुपटं कोंबता कोंबता मलाही आणि गुटीच्या डबीलाही आत टाकलं. नमुना सोबत न्यायचा ही तिची नोकरीची सवय. म्हणून पुढचं मी तुम्हाला सांगू शकते. रिक्षात लतिकाबाईंच्या पायात चपलाही नव्हत्या.

चौकातला लहान मुलांचा दवाखाना. डॉक्टर मेघांनी बाळाचे श्वास मोजले, डोळ्यांत उजेड टाकला, टाचेतून रक्ताचा थेंब काढून साखर बघितली. मग मयुराने मला टेबलावर ठेवलं.

"काय दिलं होतं?"

"गुटी. रोजचीच. आज साडेनऊला."

"जायफळ होतं त्यात?"

"हो. सात-आठ वेढे असतील. रविवारपासून किरकिर करत होती म्हणून..."

"आणि त्याच्या आधी?"

"काहीच नाही. फक्त दूध."

"नक्की ना? नीट आठवा."

"नक्की, डॉक्टर. एरवी गुटी आई देतात. पण आज त्यांचं मौन आहे, पूजेला बसल्या होत्या. आज मीच दिली."

डॉक्टरांनी बाळाचं अंग पुन्हा हाताने चाचपलं. "जायफळाने गुंगी येते. पण एवढ्यावर चार तास इतकी? शनिवारी लस झालीय, अंगही थोडं कोमट आहे. मेंदूत काही संसर्ग नाही ना, ते बघावं लागेल. मी मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देते. तिथे पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतील आणि तपासतील." त्यांनी चिठ्ठीचा कागद ओढला.

मी लतिकाबाईंकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सव्वीस वर्षांचा शब्द होता तो. आणि नुसता शब्द नव्हे; तो मोडला तर ज्याच्यासाठी घेतला त्या अश्विनला काही होईल, ही भीती त्यांच्या मनात घट्ट बसलेली. त्यांचा हात अर्धा वर आला. दोन बोटं उभी राहिली, आणि कुणी बघेना म्हणून खाली गेली. डॉक्टर लिहू लागल्या.

"मी दिली होती."

आवाज घोगरा, कोरड्या घशातून आलेला. मयुराने वळून बघितलं. तिला आधी कळेचना, बोललं कोण.

"साडेआठला," लतिकाबाई म्हणाल्या. "ही अंघोळीला गेली होती तेव्हा. जायफळाचे दोन वेढे. रोज अर्धाच देते. आज दोन दिले. आणि हिने आठ. दहा झाले, डॉक्टरीणबाई. त्या इवल्याशा पाठीत सुई नका हो घालू."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "हे आधी का नाही सांगितलंत?" असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मग चित्र जुळतं. श्वास चांगला आहे, साखर ठीक आहे. चिठ्ठी तयार ठेवते. पण आत्ता इथेच माझ्या नजरेसमोर ठेवू या."

बाकावर दोघी शेजारी बसल्या आणि मधे पिशवीत मी. अश्विन आला. मयुरा त्याच्याशी बोलली, सासूशी नाही. लतिकाबाईंच्या हातातली माळ सरकत नव्हती.

चार वाजता आतून आधी एक जांभई ऐकू आली. मग कुरकुर. मग असा काही टाहो फुटला, की बाहेर बसलेली दुसरी दोन बाळंही रडायला लागली.

"रडू द्या, चांगलं मोकळं रडू द्या," डॉक्टर मेघा हसून म्हणाल्या. मयुराने बाळाला पदराखाली घेतलं आणि ते चुरूचुरू प्यायला लागलं.

"आमच्या अश्विनला तर वर्षभर दिली होती हो," लतिकाबाई हळूच म्हणाल्या.

"काकू, मलाही माझ्या आजीने दिली होती. पण सगळी जायफळं सारखी नसतात आणि सगळे हातही. बाळ एवढंसं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. त्या मुळ्या नंतरही नकोत."

"मग ही सहाण?"

"तिचा काय दोष? सहा महिने झाले की खिरीत बदाम उगाळा, खारीक उगाळा. आणि एकदा मला विचारा."

घरी आल्यावर माझी जागा ओट्याच्या कोपऱ्यात गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते घराचं. मयुरा लतिकाबाईंशी कामापुरतं बोलायची. 'पोळ्या झाल्या,' 'दूधवाला आला,' एवढंच. आणि लतिकाबाई बाळाला उचलायच्या आधी दारात उभ्या राहून विचारायच्या, "मयुरा, घेऊ का गं हिला थोडा वेळ?" आपल्याच नातीला घ्यायला परवानगी! मयुरा "घ्या," म्हणायची आणि जवळच उभी राहायची.

नोव्हेंबरात तिची रजा संपणार होती. एका सकाळी ओट्याशी ती अश्विनला म्हणाली, "मी पाळणाघर बघून आले. तिथे सगळं लिहून ठेवतात." लतिकाबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी त्यांनी देठांसकट परातीत टाकली.

मयुरा आत गेल्यावर त्यांचे डोळे भरले. अश्विनने त्यांचा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला. "आई, काहून रडून राहिली? बघ, कपाळ थंडगार आहे. व्रत मोडलं म्हणून टायफॉइड काही परत आला नाही."

"थट्टा नको करू रे. माझ्या जिभेवरचा विश्वास गेला हिचा. मी बोलायला हवं तेव्हा गप्प होते."

पुढचा सोमवार उजाडला. देवघर ओट्याच्या समोरच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. लतिकाबाई पाटावर बसल्या, पण मौन धरेनात. धरलं तर बाळाची भीती, सोडलं तर देवाची. मग त्यांनी उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि मोठ्याने म्हणाल्या,

"महादेवा, गेल्या सोमवारी तुला दिलेला शब्द मी मोडला. शिक्षा असेल ती मला दे, लेकरांना नको. आजपासून पुन्हा मौन धरते, पण एक मोकळीक ठेवते. हिमानीच्या पोटात काय गेलं आणि तिच्या जिवाला काय होतंय, एवढं मी बोलणार. तुला हे चालत नसेल, तर हे व्रत माझं नव्हे."

मयुरा बाळाला कडेवर घेऊन मागे उभी होती. लतिकाबाईंना माहीत नव्हतं.

"आई, पाणी सोडू नका. थांबा," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. "मला बोलायचंय. तुमचं मौन होतं. माझं तर नव्हतं ना! देवघराच्या दारात येऊन 'आई, गुटी झाली का' एवढं विचारलं असतं, तर बाळासाठी तुम्ही मान तरी हलवली असती. मी विचारलंच नाही. मुद्दाम नाही विचारलं. मला एक दिवस माझ्या हाताने द्यायची होती. तुम्ही सगळंच करता. मला वाटायचं, मी नुसती दूध पाजायला आहे या घरात."

लतिकाबाई तळहातावरचं पाणी सांभाळत तिच्याकडे वळल्या. "तुझी आई नाही, म्हणून मी दोघींचं करत होते गं," त्या म्हणाल्या. "पण हिमानीच्या आईचं काम तिच्या आईनेच करायचं, ते माझ्या लक्षातच नाही आलं."

"मग आता उद्यापासून न्हाऊ मी घालणार. पार्बताबाईंकडून शिकणार."

"घाल. आणि मी शेजारी बसू का?"

"बसायचंच. मला एकटीला भीती वाटते."

दोघीही रडता रडता हसल्या. मग लतिकाबाईंनी ताम्हनात पाणी सोडलं आणि मौन सुरू झालं. पाळणाघराचा विषय त्या दिवशी संपला.

मयुराने घराला एक नियम लावला. बाळाला कुणीही काहीही दिलं, थेंबभर औषध का असेना, की मोठ्याने सांगायचं, "दिलं!" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "ऐकलं!" सुरुवातीला अश्विन थट्टा करायचा, स्वतः चहा प्यायला तरी "दिलं!" म्हणून ओरडायचा. पार्बताबाई म्हणाल्या, "काय वं हे, बसच्या कंडक्टरवानी!" आणि दुसऱ्या दिवशी तेल लावून झाल्यावर त्याच सगळ्यात मोठ्याने ओरडल्या.

पुढे दिवस भराभर गेले. गणपतीत हिमानी पालथी पडली आणि आपण काय केलं हे न कळून रडली. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण झालं. खापरखेड्याहून मामा आला आणि त्याने चांदीच्या वाटीतून खिरीचा पहिला चमचा दिला. त्या खिरीत माझ्यावर उगाळलेला एक वेढा बदाम होता, डॉक्टरांना विचारून. मयुरानेच तो उगाळला, लतिकाबाईंनी हात धरून हलका हात कसा ते दाखवलं. मयुरा कामावर जायला लागली. साडेसातला कारखान्याची बस यायची. पहिल्या दिवशी ती दारातून तीनदा परत आली. आठव्या महिन्यात दात आला, तो पार्बताबाईंच्या बोटाला आधी कळला. मग रांगणं, मग ओट्याच्या खालच्या कप्प्याला धरून उभं राहणं. एकदा मी त्याच कप्प्यात ठेवलेली असताना तिने असंच उभं राहून मला खाली ओढलं. माझ्या कडेचा टवका उडाला आणि ती टाळ्या वाजवत बसली. गेल्या आठवड्यात तिचा पहिला वाढदिवस झाला. औक्षण करताना ती चार पावलं चालली आणि निरांजनाकडेच निघाली, तेव्हा तिघांनी मिळून तिला पकडलं.

पण मला जपून ठेवावासा वाटतो तो महाशिवरात्रीचा दिवस.

मयुरा कामावर, अश्विन कामावर. लतिकाबाईंचं मौन. अकरा वाजता त्यांनी हिमानीला नाचणीची पेज भरवली. ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मयुराला फोन लावला, स्पीकर चालू करून मोबाइल माझ्या अंगाला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, "दिलं. नाचणीची पेज, सहा चमचे." मौनातली मोकळीक तेवढीच.

"ऐकलं, आई," पलीकडून मयुरा म्हणाली. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

तेवढ्यात पेजेने माखलेलं तोंड वर करून हिमानी ठणठणीत म्हणाली, "दियं!"

लतिकाबाईंचा हात तोंडावर गेला. "दियं!" ती पुन्हा म्हणाली, आणि चमचा आजीच्या हातात दिला.

"आई? आई, ती बोलली का? हिमू बोलली ना?" मयुरा विचारत होती. "आई, सांगा ना!"

लतिकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळं अंग हसण्याने हलत होतं. पण ही गोष्ट काही बाळाच्या पोटाची नव्हती, जिवाचीही नव्हती. देवाशी केलेला करार स्वच्छ होता. शेवटी त्यांनी तोच चमचा घेतला आणि माझ्या अंगावर टण्, टण् असा दोनदा वाजवला.

पलीकडे मयुरा खळखळून हसली. "कळलं, आई, कळलं! दिवे लागेपर्यंत धीर धरा. मी आल्यावर सगळं सांगा."

मित्रांनो, त्या दोन ठोक्यांत मी पहिल्यांदा बोलले. मला आयुष्यात तेवढंच बोलता आलं. तुम्हाला देवाने चांगली जीभ दिली आहे. घरातल्या लहानग्याला काही भरवलंत, काही पाजलंत, तर दुसऱ्याला सांगा. सांगितलं नसेल, तर विचारा. जुन्या वस्तूंना जपा, पण त्यांच्या भरवशावर बाळाला सोडू नका. आम्हाला माया लावता येते, मोजता येत नाही. व्रत करणाऱ्यांनी व्रत करावं. देवाला मौन आवडतं. पण त्या दिवशी दवाखान्यात घोगऱ्या आवाजात उमटलेले ते तीन शब्द त्याने सव्वीस वर्षांच्या मौनाच्या बरोबरीने आपल्या पायाशी ठेवून घेतले असतील, असं मला वाटतं.

त्या महाशिवरात्रीला दिवेलागण झाली. बस थांबल्याचा आवाज आला. लतिकाबाई हिमानीला कडेवर घेऊन केव्हाच्या फाटकाशी जाऊन उभ्या होत्या, सांगायला.